सोळाव्या नोंदीचं पाणी

बा, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे लिहिताना मला एक मोकळीक आहे. माझं अक्षर तू तपासणार नाहीस. दोर मात्र तू बोटांनी तपासायचास, डोळे मिटून, आणि कुठल्या हातावर वाखाचा एक धागा कमी पडलाय ते सांगायचास. तशी बोटं या कागदावरून फिरली असती तर मी लिहायला बसलोच नसतो. आज रविवार आहे, शाळा बंद आहे, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते. समोर टेबलावर एक काचेची नळी आहे, वीतभर लांब, वर फुगा, खाली केसासारखं बारीक भोक. ती मी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून स्वतः ओढली. बुधवारी ती जुन्या धोतरात गुंडाळून मी नागपूरला नेणार आहे. छोट्या गाडीनं अकोला, तिथून मोठी गाडी. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी एकोणपन्नास वर्षांचा झालो.

तू गेलास तेव्हा मी दोरच वळत होतो. मग दोर सुटला आणि मी वाशीमला या शाळेत लागलो. कागदोपत्री मी शिपाई आहे. पण मला शिपाई म्हटलेलं चालत नाही, आणि हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे. प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली, प्रत्येक वजन, काचेचा प्रत्येक तडा माझ्या वहीत आहे. चौथीपर्यंतची शाळा, बाकी सगळं माझं मी. इंग्रजी शब्दकोशातले रोज सात शब्द, रविवारी उजळणी, अशी अकरा वर्षं. कोणी विचारलं, एवढं कुठं शिकलात, तर मी ताठ होऊन सांगतो, कुठंच नाही, कोणी शिकवलं नाही. हे वाक्य मला फार आवडतं. इतकी वर्षं म्हणतो आहे.

आता मी काय करतो ते तुला समजेल असं सांगतो. प्रत्येक जिवाच्या अंगात बारीक कण असतात, इतके बारीक की दुर्बिणीसारख्या यंत्राशिवाय दिसत नाहीत. त्या प्रत्येक कणाच्या पोटात एक धागा असतो. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, थोडक्यात डीएनए म्हणतात. बोकडाचं बोकडपण आणि माणसाचं माणूसपण त्या धाग्यात साठवलेलं असतं, असं आता मोठमोठे लोक म्हणतात. चार-पाच वर्षांपूर्वी विलायतेत शोध लागला की हा धागा एकेरी नाही. दोन पेडांचा आहे, एकमेकांभोवती पीळ घातलेला. आमचे विज्ञानाचे सर तरुण आहेत, त्यांच्याकडे नागपूरहून जुनी इंग्रजी मासिकं येतात. त्यांनी मला ते चित्र दाखवलं आणि म्हणाले, "भाऊ, बघा, निसर्गाचा गोल जिना." मी चित्र बराच वेळ पाहिलं. जिना कसला, बा. तो दोर होता. दोन पेडी, उजव्या पिळाचा.

मग मी शब्दकोश घेऊन तो लेख तीन आठवडे वाचला. त्यात लिहिलं होतं की त्यांनी धागा ताणून, सुकवून त्याची छायाचित्रं काढली. ते वाचून मी थांबलो. तुझ्या अंगणात दोन खुंटांमध्ये ताणलेला मोटेचा कोरडा नाडा मला दिसला आणि तुझं बोलणं ऐकू आलं. तू म्हणायचास, "कोरडा दोर सगळाच सरळ दिसते. डोणीत टाक, मंग समजते त्याच्या मनात काय हाय." आपल्या अंगणातली ती दगडी डोणी आठवते ना. आपल्या मालेगावच्या बाजारात दुसरे वळणारेही बसायचे, पण विकण्याआधी दोर एक दिवस पाण्यात ठेवणारा तू एकटाच होतास. पाणी प्यालं की वाख फुगतो, पीळ आवळतो, आणि जिथं वळताना हात चुकलेला असतो तिथं दोर अंग काढून वर येतो. त्याला तू कुबड म्हणायचास. मी सरांना विचारलं, हा धागा जिवाच्या अंगात काही सुका, ताणलेला नसतो, पाण्यात असतो. पाण्यात तो कसा दिसतो? त्यातही तापवून ज्याचा पीळ बिघडवला, तो कसा पडतो? सर म्हणाले, "भाऊ, हे नागपूरला विचारायला पाहिजे." मी म्हणालो, नागपूरला कशाला, आपल्याकडे नळी आहे.

धागा मिळवायचा तर कोवळ्या बोकडाच्या गळ्याखालची पांढरी गाठ लागते. खाटकाकडे मी सकाळी पहिलं गिऱ्हाईक. पहिल्या दिवशी त्यानं सुरी खाली ठेवली. "लोक कलेजी मांगतेत, गुर्दा मांगतेत. हे कायले पाह्यजे तुमाले?"

"शाळेच्या कामाचं हाय."

"पोराईले खाऊ घालता का काय?"

"त्यातला धागा काढून राह्यलो."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, चाळीस वर्सं बोकडं कापून राह्यलो. मांस निंगते, हाड निंगते. धागा काही निंगला नाही आजलोक." आठ दिवसांनी मी त्याला काचेच्या कांडीवर गुंडाळलेला धागा नेऊन दाखवला. पांढरा, ओला, कापसाच्या सुतासारखा लोंबणारा. त्यानं सुरी बाजूला सारली. हात धोतराला पुसले, जवळून पाहिलं, आणि तेव्हापासून ती गाठ तो पळसाच्या पानात वेगळी बांधून ठेवतो.

कृती तुला सांगतोच, कारण तू कृती विचारल्याशिवाय राहिला नसतास. गाठ खलात वाळूबरोबर घोटायची, फिक्या मिठाच्या पाण्यानं धुवायची, फडक्यातून पिळायची, मग कडक मिठाच्या पाण्यात विरघळवायची. ते अंड्याच्या बलकाभोवतीच्या पाण्यासारखं घट्ट होतं. त्यावर हळूच स्पिरिट सोडलं आणि कांडी फिरवली की धागा आपोआप कांडीवर चढतो. हे काम आपल्याकडे फक्त थंडीत होतं, उन्हाळ्यात गाठ दुपारपर्यंत टिकत नाही. मग तो धागा तोलून पाण्यात सोडायचा, ते पाणी नळीच्या फुग्यात भरायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते शाळेच्या शर्यतींच्या घड्याळावर मोजायचं. डोळ्यांना धागा दिसत नाही, पण तो लांब ताठ पसरलेला असेल तर पाणी अडखळत उतरतं. गोळा होऊन पडला असेल तर भरभर उतरतं. नुसतं पाणी एक्केचाळीस सेकंदांत उतरतं. चांगल्या धाग्याचं सत्त्याण्णव. तोच धागा उकळत्या पाण्यात धरून एकदम गार केला की बावन्न. म्हणजे दोन पेड सुटले, आणि गार होताना घाईघाईत जो तो स्वतःलाच कुठेतरी चिकटला. जिथं जोडीदार सापडला नाही तिथं कुबड. असं मी वहीत लिहिलं. कुबड हा शब्द मी तसाच ठेवला आहे, सरांनी दोनदा बदलायला सांगूनही.

पंधरा नोंदी झाल्या. पंधरा वेगवेगळे दिवस, वेगवेगळी बोकडं. तापवलेल्या धाग्याचा आकडा एक्कावन्न ते त्रेपन्न, त्याबाहेर नाही. सरांनी नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं, त्यांचा स्वतःचा असाच काही अभ्यास चालू आहे. ते म्हणाले, वही पाठवा, पाहतो. मी सुवाच्य प्रत करायला घेतली. सोळावी नोंद नुसती शोभेला, आकडा सम यावा म्हणून केली. तापवलेला धागा, एकदम गार केलेला, सगळं जसंच्या तसं. घड्याळ थांबवलं तर अठ्ठ्याहत्तर. पुन्हा भरलं. अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा भरलं, तरी अठ्ठ्याहत्तरच.

मी सगळं तपासलं. नळी धुतली, घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी लावून पाहिलं, नळी बुडवायच्या बादलीतल्या पाण्याची उष्णता पाहिली. माझ्या वहीत बोकडाचं वजनसुद्धा असतं, बा, खाटकानं अंदाजानं सांगितलेलं. कुठे फरक सापडला नाही. सरांना दाखवलं तेव्हा ते समजुतीनं म्हणाले, "भाऊ, पंधरा दिवस एक सांगतात, एक दिवस वेगळं सांगतो. कुणाचं ऐकायचं? हे पान ठेवलंत तर नागपूरला वाटेल तुमचा हातच पक्का नाही. काढून टाका. पंधरा नोंदी भरपूर झाल्या." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. आणि खरं सांगतो, मला ते पटलं. चौथी शिकलेल्या माणसाची वही पहिल्यांदाच कोणी प्राध्यापक उघडणार होता. त्यात न जमलेलं पान कशाला? मी प्रत पंधरावर संपवली, खाली रेघ मारली, वर कव्हर घातलं. सोमवारी टपालात टाकायची म्हणून घरी नेली.

त्या रविवारी घरच्या विहिरीचा दोर बदलायचा होता. मी नवीन आणला आणि नेहमीप्रमाणे बादलीत बुडवून चुलीजवळ बसलो. बाजारचा दोर असला तरी भिजवल्याशिवाय मी वापरत नाही, बायको त्यावरून मला अजून हसते. नगरपालिकेचा नळ दोन दिवस कोरडा होता, घरच्या विहिरीचं पाणी गढूळ झालेलं, म्हणून मी शाळेच्या विहिरीचं पाणी हंड्यानं आणून ठेवलं होतं. दोर पाणी पीत होता. बुडबुडे येत होते. आणि मला कामरगावचा तो नाडा आठवला, जो मला आठवायचा नसतो.

मी अठरा वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालेलं. तू दोन दिवस मालेगावला गेला होतास आणि कामरगावहून एक शेतकरी मोटेचा नाडा न्यायला आला. नाडा मी एकट्यानं वळलेला पहिलाच. त्याची गाडी जुंपलेली होती, मला तो माझा नाडा कोणी घेऊन जातोय याचाच आनंद. डोणी रिकामी होती. भरायला वीस खेपा लागायच्या. मी नाडा कोरडाच दिला. तू आलास आणि विचारलंस, "भिजवला व्हता?" मी म्हटलं, "हो, भिजवला." तू डोणीकडे पाहिलंस. तिच्या तळाला माती वाळून फुटली होती. तू पाय धुवायला गेलास.

पंधरा दिवसांनी तो शेतकरी नाडा गाडीत टाकून परत आला. "तीन जागी कुबडं आले. चाकावर चढत नाही. बैल मोटेवर अडून राह्यले, मळा सुकून राह्यला माहा." मी खुंटाजवळ उभा होतो. खरं सांगायला तीनदा सवड मिळाली. तेवढ्यात तू उठलास, ज्या माणसाच्या हातून एकही दोर कधी परत आला नव्हता तो तू, आणि म्हणालास, "पाटील, माही चूक झाली. पोरगा म्हने भिजवू, मीच म्हटलं राहू दे, घाई हाय." त्याला तू आपला वळून ठेवलेला, भिजवलेला नाडा दिलास. तो गेल्यावर मी वाट पाहत राहिलो की आता बोलशील. तू तंबाखू मळलीस आणि इतकंच म्हणालास, "उद्यापासून डोणी तू भर." तू जाईपर्यंत नऊ वर्षं मी ती भरली. त्या दिवसाबद्दल तू पुन्हा शब्द काढला नाहीस आणि मीही नाही.

तर हे सगळं मनात, समोर दोर बादलीत, आणि चुलीपाशी बायको पळी आपटून म्हणते, "तुमच्या शाळेच्या पाण्यात डाळ शिजून नाही राह्यली. तीन घंटे झाले. काय पाणी हाय का काय हाय हे?"

"सोडा टाक."

"टाकला. दाना तसाच हाय. मास्तर लोकाईवानीच हाय, वरून गोड अन्‌ आतून कडक."

मी बादलीकडे पाहिलं, मग हंड्याकडे. बा, मी बोकडाचं वजन लिहिलं होतं. हवा लिहिली होती. धागा किती फेऱ्यांत कांडीवर चढला तेही लिहिलं होतं. दोरवाल्याचा मुलगा असून धागा कोणत्या पाण्यात सोडला ते एकाही पानावर लिहिलं नव्हतं. दिवाळीपासून शाळेतला पाणी शुद्ध करण्याचा तांब्याचा हंडा गळत होता, म्हणून मी विहिरीचंच पाणी गाळून वापरत होतो. मी तसाच उठून सरांच्या घरी गेलो. ते जेवत होते.

"सर, मागच्या आठवड्यात माझ्या बाटलीत पाणी कोणी भरलं?"

"मीच भरलं, भाऊ. अकोल्याहून शुद्ध पाण्याची बरणी आली ना, म्हटलं तुमच्या कामाला चांगलं पाणी द्यावं. का, काही चुकलं?"

"नाही सर. जेवा तुम्ही."

पुढचे आठ दिवस मी तीन पाण्यांत मोजलं. एकच धागा, एकदाच तापवलेला, तीन वाटण्या केलेला. विहिरीच्या पाण्यात बावन्न. शुद्ध पाण्यात अठ्ठ्याहत्तर. शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून चोपन्न. पाच वेळा केलं. धाग्याच्या अंगभर एकाच जातीची वीज असते, म्हणून तो स्वतःलाच टाळतो, निवळ पाण्यात लांब पसरतो. पाण्यात क्षार असले की ती वीज झाकली जाते आणि तो स्वतःवरच गोळा होतो. हे मला मागाहून मासिकात सापडलं, पण आकडा माझ्याकडे आधी होता. म्हणजे या बिघडलेल्या धाग्याचा आकार अमुक, असं नुसतं म्हणताच येत नाही. कोणत्या पाण्यात, ते आधी सांगावं लागतं. माझ्या पंधरा नोंदी चुकीच्या नव्हत्या, त्या आमच्या शाळेच्या विहिरीच्या होत्या. मी कव्हर काढलं, ती रेघ खोडली, सोळावं पान लिहून लावलं, त्यामागे ही नवीन पानं, आणि पहिल्या पंधरा पानांवर लाल शाईनं लिहिलं: पाणी शाळेच्या विहिरीचं, यात तुरीची डाळ शिजत नाही, ही गोष्ट आधी न लिहिणं ही माझी चूक. सर म्हणाले, डाळीचं राहू द्या. मी म्हणालो, डाळीचं राहील.

प्राध्यापकांचं उत्तर महिन्यानं आलं. इंग्रजीत, दोन पानं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. शब्दकोश मला दोनदाच उघडावा लागला. लिहितात की मिठाचा हा परिणाम परदेशात काही लोकांना माहीत आहे, त्यामुळे हा नवा शोध समजू नका. ते वाचून मी क्षणभर पत्र खाली ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण पुढे लिहितात की त्यांच्याकडे विलायती नळीवर जे प्रमाण येतं तेच माझ्या नळीवर येतं, आणि सोळावं पान त्यांनी दोनदा वाचलं. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत असं पान कधी दिसत नाही, सगळ्यांच्या नोंदी फार सरळ असतात. बुधवारी नळी घेऊन या, आमच्या लोकांसमोर मोजून दाखवा. जमलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं राहून काम करा, तापवलेल्या धाग्याचे आकार नीट पाहायचे आहेत आणि आमच्याकडे थंड खोली आहे, गाठ दुपारनंतरही टिकते. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तिथं डाळ शिजते का इचारून घ्या." मग आत जाऊन तिनं माझा कोट उन्हात टाकला. तो अजून वाळत आहे, मला खिडकीतून दिसतो.

तर तयारी झाली आहे. नळी, घड्याळ, वही. दोन बाटल्या पाणी, एक विहिरीची, एक शुद्ध, दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या आहेत. तिसरी रिकामी घेतली आहे. नागपूरचं पाणी कसलं आहे ते मला ठाऊक नाही, तिथं आधी तेच भरून घेईन.

हे पत्र मी कुठं टाकणार, ते तुलाही ठाऊक आहे. टेबलाच्या खणात जुन्या चिठ्ठ्यांखाली राहील. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, आणि ती सांगायलाच बसलो होतो असं आता वाटतं. प्राध्यापकांच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. असा धागा पाण्यात पाहावा, ताणलेला पाहून भागत नाही, ही दृष्टी तुम्हाला कोणी दिली, असं त्यांनी विचारलं होतं. मी परवा उत्तर टाकलं. येतो म्हणून लिहिलं, गाडीची वेळ लिहिली, आणि त्या ओळीखाली, माझ्या चांगल्या अक्षरात, लिहिलं: कोणी नाही.